सहा भोंगे आणि तीन डोस

मी लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करणारा माणूस. इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला आम्ही कारखान्यात थाऊ म्हणतो, आणि असल्या एक-दोन थाऊंवरून मी भल्याभल्यांशी भांडलेलो आहे. असा माणूस स्वतःच्या पोटात जाणारं औषध मोजायची वेळ आली तेव्हा अक्कल कुठे गहाण टाकून बसला होता, ते लिहायला बसलोय. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. पिंपरी-चिंचवडात कारखान्यांवर कारखाने उभे राहतायत, साताऱ्या-नगराकडची माणसं रोज वळकट्या घेऊन उतरतायत, आणि अवेळी जेवून, वर कपावर कप चहा ढोसून छातीत जाळ करून घेणाऱ्यांना इथे तोटा नाही. त्यातल्या एकाने जरी हे वाचून बाटली तोंडाला लावण्याआधी क्षणभर हात आवरला, तरी माझी झालेली शोभा कामी आली म्हणेन.

खिशातली पुडी

मी मूळचा कोरेगावकडचा. पुण्यात एका वर्कशॉपमध्ये टर्नरचं काम शिकलो आणि इथे नवीन कारखाना निघाला तेव्हा टेंपररी म्हणून लागलो. सहा महिन्यांनी ट्रायल, म्हणजे कामाची परीक्षा, घ्यायची, पास झाला तर कायम, नाहीतर घरी, असा करार. चिंचवड गावाच्या कडेला दोन खोल्या घेतल्या. घरात मी आणि बायको इंदू. भिंतीपलीकडे चांदभाई फिटर, माझ्याच कारखान्यातला.

सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी ठेचा-भाकरी घाईघाईत, संध्याकाळी घरी आलो की ताट रिकामं केल्याबरोबर आडवा. महिनाभरात छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं होऊ लागलं. घशाशी आंबट पाणी यायचं. कुणीतरी खाण्याचा सोडा सांगितला. चमचाभर पाण्यात टाकून प्यालो, दणदणीत ढेकर आली आणि स्वर्ग भेटला. मग काय, लोक तपकिरीची डबी बाळगतात तशी मी सोड्याची पुडी खिशात बाळगू लागलो. आधी दिवसाला एक चमचा, मग तीन, मग मोजणं सोडलं. जळजळ तासभर थांबायची आणि परत यायची ती जास्तीच चिडून यायची. पण ढेकर येतेय म्हणजे गुण येतोय, असं माझं शास्त्र.

मग उलट्या सुरू झाल्या. एक दिवस यंत्र चालू ठेवून मी गटाराकडे धावलो. परत आलो तर फोरमन साहेब माझ्या लेथपाशी उभे. त्यांनीच यंत्र बंद केलं होतं. फार बोलणारा माणूस नव्हे.

"रजा घे आणि बरा होऊन ये," ते म्हणाले. "तीन आठवड्यांनी तुझी ट्रायल आहे. त्या दिवशी तू उभा दिसला नाहीस तर जागा दुसऱ्याला जाईल. माझ्या हातात तेवढंच आहे."

तीन आठवडे. घरी जाताना मी तेवढंच घोकत होतो. गावाकडे परत जाऊन भावाच्या दारात उभं राहायचं नाही, हे मी इंदूला लग्नात सांगितलं होतं आणि ती त्यावर विश्वासून आली होती.

कागदी पट्टी

गावातल्या दवाखान्यात बाटली आपली आपण न्यायची. डॉक्टर तपासणार, चिठ्ठी देणार, कंपाउंडर तुमच्या बाटलीत औषध ओतून तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवणार. पट्टीला कात्रीने खाचा केलेल्या असतात. एक खाच म्हणजे एक डोस.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. आम्लपित्त आहे, आत कदाचित व्रणही असेल, पडून राहा, तिखट बंद, औषध दिवसातून तीनदा जेवल्यावर. मग त्यांनी विचारलं, "याशिवाय आणखी काही घेतोस का?"

"नाही," मी म्हणालो. सोड्याची पुडी माझ्या खिशात होती. डॉक्टरांपुढे पुडी काढायची म्हणजे आपण अडाणी ठरू असं वाटलं. खोटं बोलून मी शहाणा ठरलो.

कंपाउंडरने पांढरं औषध ओतलं, पट्टी लावली, "हलवून घ्या" म्हणाला. हे तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की कुणाच्या कानात शिरत नसे. मग त्याने विचारलं, "घरात घड्याळ आहे?"

"नाही."

"मग भोंग्यावर घ्या. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा. तीन भोंगे, तीन डोस. चुकायचं काम नाही."

यात त्याचा तरी काय दोष? सगळं गावच तेव्हा कारखान्याच्या भोंग्यावर चालत होतं. इंदू पहिल्या भोंग्याला चूल पेटवायची, शेजारणी दुपारच्या भोंग्याला डबे भरायच्या, म्हशीसुद्धा संध्याकाळच्या भोंग्याला घराकडे वळायच्या. दवाखान्यातल्या निम्म्या बाटल्या भोंग्यावरच रिकाम्या होत होत्या.

पहिले चार दिवस फार चांगले गेले. निखारा विझत आला. मी इंदूला म्हणालो, "बघ, ट्रायलच्या आत ठणठणीत होतो की नाही."

पाचव्या दिवशी कारखान्याने दुसरी पाळी सुरू केली.

सहा

दुसऱ्या पाळीचे भोंगे वेगळे, शिवाय आता काम सुरू होण्याआधी एक इशाऱ्याचा भोंगा. झोपेपर्यंत मोजून सहा व्हायला लागले. इंदूने पहिल्याच रात्री विचारलं, "अहो, आज भोंगा सहादा वाजला. औषध सहादा झालं. असं चालतं का?"

इथे मी खरं बोलायला पाहिजे. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. पण माझ्या डोक्यात ट्रायल होती. तीन डोसांनी चार दिवसांत एवढा गुण, तर सहा डोसांनी किती येईल, असा हिशोब मी केला आणि तिला म्हणालो, "कंपाउंडरनं भोंग्यावर घ्या म्हणून सांगितलंय ना? मग भोंगा वाजला की घ्यायचं. तू डॉक्टर आहेस का?"

ती गप्प बसली. नवरा असं बोलला की बायकांनी गप्प बसायचं, ही आपली रीत. त्या रीतीने त्या आठवड्यात माझा जीव घेतला असता.

बाटली अर्थातच निम्म्या दिवसांत संपली. मी इंदूला सांगितलं, दवाखान्यात विचारलं तर सांडली म्हण. बिचारी खाली मान घालून दुसरी भरून घेऊन आली. मी बाटली हलवतही नव्हतो, त्यामुळे वर पाणी आणि तळाला चिखल, आणि एका खाचेवर समाधान होईना म्हणून कधी दोन खाचा घटाघट. सोडा चालूच.

त्यात चांदभाईंचं प्रेम उतू आलं. त्यांचा भाऊ ट्रक चालवायचा, घाटात गाडी लागते म्हणून त्याच्याकडे मुंबईहून आणलेल्या गोळ्या असायच्या. चांदभाई मूठभर गोळ्या कागदात बांधून घेऊन आले.

"दत्तूभाऊ, उलटीवर जालीम आहे," ते म्हणाले. "माझा भाऊ एक गोळी घेतो न् अख्खा खंडाळ्याचा घाट उतरतो. तुम्ही घ्या बिनधास्त."

मी बिनधास्त घेतली. दिवसाला चार-चार घेतल्या. उलटी थांबली हे खरं. डॉक्टरांना विचारावं असं आम्हा दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. दुसऱ्याच्या आजाराची गोळी आणि तीही ट्रकमधून आलेली, पण आम्हाला ती शेजाऱ्याकडून आलेल्या वाटीभर आमटीसारखीच वाटली.

डोळे

आधी तोंड कोरडं पडलं. जीभ टाळूला चिकटायची, भाकरीचा घास गिळेना. मग चेहरा तापून लाल झाला. लघवीला बसलो तर होईना, नुसता बसून राहायचो. लाज वाटून हे कुणाला सांगितलं नाही. आणि मग एका सकाळी मी हौसेने पेटीतून मायक्रोमीटर काढला आणि त्याच्यावरच्या रेघा मला दिसेनात.

टर्नरच्या लेखी हे काय असतं ते सांगतो. मायक्रोमीटर म्हणजे मुठीत मावणारं मापाचं यंत्र, त्याच्यावर केसागत बारीक रेघा. त्या वाचता येतात म्हणून मी टर्नर. नाहीतर मी नुसता हमाल. मी तो दिव्यापाशी नेला, उन्हात नेला, हात लांब करून धरला. रेघा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मी तो पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो. आंधळा होतोय, अशी माझी खात्री पटली. आणि यावर उपाय म्हणून मी काय केलं, तर औषध आणखी नेमाने घेऊ लागलो.

इंदूने घाबरून कुरुळीला आईकडे निरोप पाठवला. माझ्या सासूबाई, त्यांना मी मामी म्हणतो, चाकणहून एस.टी. पकडून आल्या. मला खरं तर त्यांचं येणं आवडलं नाही. काष्टा घातलेली, कपाळभर कुंकू लावलेली ही बाई आता कसले तरी पाले वाटून पाजणार, असं मी इंदूला मामींच्या देखत ऐकवलं. मामींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पदर खोचून घर झाडायला घेतलं.

त्यानंतरचं मला आठवत नाही. सगळं ऐकीव आहे.

मामींनी काय पाहिलं

दुपारचा भोंगा झाला, इंदूने डोस दिला, आणि थोड्या वेळाने मी अंथरुणात उठून बसलो. म्हणे दोन्ही हात हवेत धरून लेथची चाकं फिरवत होतो. अगदी रीतसर. डाव्या हाताने पुढे, उजव्याने आत. मध्येच ओरडायचो, "साबणाचं पाणी सोड, जॉब जळतोय." अंगातून घामाचा टिपूस नाही, चेहरा जास्वंदीसारखा, आणि इंदूला मी ओळखेना. तिला फोरमन साहेब म्हणून हाक मारत होतो.

चांदभाई दुसऱ्या पाळीला असल्यामुळे घरीच होते, ते धावत आले. चार शेजारणी दारात जमल्या. कुणी म्हणालं ताप डोक्यात गेला, कुणी आणखी काही. मामी तेवढ्या माझ्याजवळ आल्या, हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळ्यांत पाहिलं.

"ह्यांनी धोतरा खाल्लाय," त्या म्हणाल्या.

धोतरा म्हणजे विष, आणि घरात विष म्हटलं की लोक आधी कुणाकडे बघतात ते वेगळं सांगायला नको. सगळ्या नजरा इंदूवर. एक बाई हळूच म्हणालीसुद्धा, "खाणं तर हिच्याच हातचं असतंय."

इंदू मला नंतर म्हणाली, नवऱ्याने आपल्याला ओळखू नये आणि शेजाऱ्यांनी असं ओळखावं, दोन्ही एकाच घटकेत झालं. ती रडली नाही. तिने आईला विचारलं, "आई, कशावरून?"

"आगं, आपल्या बांधावर भावकीतल्या पोरीनं खाल्ला व्हता न्हवं का? आसंच डोळं फाकल्यालं, आसंच तोंड वाळल्यालं, आन् हवेत फुलं वेचत व्हती. मी तवा तिच्यापाशी बसले हाय. मला सांगू नगा." मग मामी दाराकडे वळल्या. "माजी लेक धोतरा घालायची न्हाई. पर ह्यांच्या पोटात तो कुठनं तरी ग्येलाय. इंदे, आठ दिसांत ह्यांच्या तोंडात जे जे ग्येलंय ते समदं फडक्यात बांध. बाटली, पुडी, काय बी ऱ्हायलं न्हाई पायजे."

"गोळ्यासुद्धा?" चांदभाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"गोळ्या कसल्या? त्या बी बांधा."

चांदभाईंच्या भावाचा ट्रक नेमका दारात होता. त्यात मला घातलं आणि पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. वाटेत मी निम्मी पाळी भरून काढली म्हणतात, हवेतल्या हवेत इतके शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडे, कापले.

फडकं

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझ्या डोळ्यांवर बॅटरी मारली आणि लगेच विचारलं, "यांनी काय काय घेतलंय?" बहुतेक घरच्यांकडून त्यांना या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल. इंदूने फडकं सोडून टेबलावर मांडलं. बाटली, आधीची रिकामी बाटली, गोळ्यांचा कागद, सोड्याची पुडी. आणि भोंग्याची हकिकत सांगितली, बाटली सांडली म्हणून खोटं सांगितलं तेही.

बाई बाटली उजेडात धरून बघत राहिल्या. मग मामींकडे वळल्या. "आजी, धोतरा असं तुम्ही म्हणालात?"

"मीच म्हनले."

"अगदी बरोबर ओळखलंत. या औषधात बेलाडोना नावाच्या झाडाचा अर्क असतो. धोतऱ्याच्याच कुळातलं झाड. मोजून घेतलं तर पोटातली कळ थांबवतं."

"आन् न मोजता?"

"न मोजता घेतलं तर हे असं. आणि उलटीच्या या गोळ्याही तोंड कोरडं करतात, गुंगी आणतात. दोन्ही एकत्र घेतलं की एकाचं दुसऱ्याला बळ मिळतं."

मामींनी इंदूकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "ऐकलंस?" इंदू म्हणते, तेव्हा कुठे ती भिंतीला टेकून रडली.

मी शुद्धीवर आलो तेव्हा पाहिलं ते छत आणि ऐकली ती घंटा. वॉर्डात औषधाच्या वेळी नर्स छोटी घंटा वाजवायची. ती ऐकून मी असा दचकलो की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला. लघवीसाठी नळी घातली होती, तोंडात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. पण इंदूला मी ओळखलं. ओळखल्याबरोबर विचारलं, "आंधळा झालो का गं?"

"नाही," ती म्हणाली. "मूर्ख झाला होतात. ते उतरतंय आता."

लग्न झाल्यापासून ती माझ्याशी असं पहिल्यांदाच बोलली, आणि देवाशपथ, मला फार बरं वाटलं.

दूध, घंटा, आणि तीन थाऊ

पुढचे दिवस सगळे सारखे. दर दोन तासांनी दूध, मऊ भात, पुन्हा दूध. एक दिवस खडूसारखं पांढरं काहीतरी पाजून पोटाचा एक्स-रे फोटो काढला, त्यात जठराला लहानसा व्रण दिसला. बाई म्हणाल्या, नियमाने राहिलास तर भरून येईल. वर हेही म्हणाल्या की चार महिने सोड्याने ढेकरा काढत बसलास, तेवढ्या वेळात तो व्रण आतल्या आत वाढत होता.

डोळे मात्र लगेच येईनात. येतील, औषध अंगातून जायला वेळ लागतो, असं त्या रोज सांगायच्या आणि मी रोज पांघरुणाचे धागे मोजायचा प्रयत्न करायचो. ट्रायलला दहा दिवस राहिले, मग आठ. धागे पुसटच. चांदभाई रोज पाळीच्या आधी येऊन कोपऱ्यात उभे राहायचे. गोळ्यांचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं होतं. एकदा मी म्हणालो, "चांदभाई, तुम्ही प्रेमानं दिल्या. विचारायचं काम माझं होतं." दुसऱ्या दिवशी ते आले ते माझा मायक्रोमीटर रुमालात गुंडाळून घेऊन.

मी तो डोळ्यांपुढे धरला. रेघा दिसल्या. एकेक, सुटी सुटी, जागच्या जागी.

मला काहीतरी मोजायचं होतं आणि जवळ काही नव्हतं. इंदू स्टुलावर बसून वेणी घालत होती. मी म्हणालो, "एक केस दे." तिने दिला. मी तो मायक्रोमीटरमध्ये धरला, हलक्या हाताने आवळला, वाचलं, परत वाचलं.

"किती?" चांदभाईंनी विचारलं.

"तीन थाऊ."

शेजारच्या म्हाताऱ्याने टाळी वाजवली. कशाबद्दल ते त्याला माहीत नव्हतं. मी मात्र ढसाढसा रडलो, आणि ते इथे लिहायला मला काही लाज वाटत नाही.

पाठ म्हणून घेतलेलं

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला शाळेतल्या पोरासारखं समोर उभं केलं. नवीन औषध आणि उलटीच्या मोजक्या गोळ्या दिल्या आणि सगळं माझ्याकडून वदवून घेतलं. चुकलो की पहिल्यापासून. ते तेव्हापासून मला पाठ आहे.

बाटली हलवायची, प्रत्येक वेळी. खाच एक म्हणजे एक. डोस चुकला तर चुकला, पुढच्या वेळी दोन घेऊन भरपाई करायची नाही. लवकर बरं व्हायचंय म्हणून जास्त प्यायचं नाही. तोंड फार कोरडं पडलं, डोळ्यांना अंधुक दिसलं, लघवी अडली, छाती धडधडली तर औषध थांबवून तसंच उठून डॉक्टरांकडे यायचं. शौच डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर घरात कुणाला विचारत बसायचं नाही, गाडीत बसायचं. दुसऱ्याची गोळी घ्यायची नाही आणि आपली दुसऱ्याला द्यायची नाही. डॉक्टरांनी विचारलं तर सोड्यापासून तपकिरीपर्यंत सगळं सांगायचं.

"आणि उलटीची गोळी?" त्यांनी विचारलं.

"फारच झालं तर एक. आणि घेतली की तो अख्खा दिवस यंत्राला हात लावायचा नाही."

"का?"

"गुंगी येते."

"आली नाही असं वाटलं तर?"

मी इंदूकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तरीही नाही. गुंगी आलेल्या माणसाला ती आलीय हे सगळ्यात शेवटी कळतं."

जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, हे मामींनी पाठीमागून जोडलं. ते बाईंनी मान्य केलं.

ट्रायल

आणि बरोबर ट्रायलच्या दिवशी पहाटे मला उलटी झाली. पोटाची नव्हती, भीतीची होती. पण थांबेना. तिसऱ्यांदा झाल्यावर मी एक गोळी घेतली. थांबली. कपडे घालून चांदभाईंबरोबर कारखान्यात गेलो. वाटेत त्यांना सांगितलं.

ते थबकले. मग म्हणाले, "दत्तूभाऊ, एका गोळीनं काय होतंय? मी शेजारी उभा राहतो. आज नाही म्हणालात तर सहा महिन्यांची मेहनत गेली."

खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. डोकं हलकं होतं, पाय नीट पडत होते. लेथसमोर उभा राहिलो. लोखंड पकडणाऱ्या चकाचे तीन जबडे माझ्याकडे बघत होते. यंत्र चालू केलं की ते दिसत नाहीत, नुसता चकचकीत धूर होतो आणि त्यात बाही गेली की हात जातो. आपल्याला गुंगी नाही, असं मी स्वतःला पटवून देत होतो. पटवून द्यावं लागतंय, हेच मला खटकलं.

मी फोरमन साहेबांकडे गेलो. "साहेब, मी सकाळी उलटीची गोळी घेतलीय. डॉक्टरांनी आज यंत्राला हात लावू नको म्हणून सांगितलंय. मी उभा आहे, तुम्ही म्हणाला होतात तसा. पण ट्रायल उद्या घ्या."

साहेबांनी वही उघडून माझं नाव शोधलं. मी मनात बोचकं बांधायला घेतलं होतं.

"गोळी घेतली हे मला कळलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"दोन्ही हात लागतात साहेब मला."

त्यांनी वहीत काहीतरी खोडून दुसरं लिहिलं. "उद्या आठ वाजता. उद्या गोळी नाही आणि सबबही नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मळमळलं. गोळीच्या पुडीला मी हात लावला नाही. इंदूने भाताची पेज दिली, घोटघोट प्यालो, मामींनी अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. आठ वाजता लेथ सुरू केला. काम साधं होतं, शाफ्ट कापायचा, दिलेल्या मापापासून फरक दोन थाऊंच्या आत बसला पाहिजे. चांदभाई लांब खांबाआड उभे होते, त्या दिवशीही पाळी नसताना आले होते. मी घाई केली नाही. थांबत थांबत, मोजत मोजत कापला. शेवटचा काप घेण्याआधी यंत्र बंद करून परत मोजला.

साहेबांनी शाफ्ट पुसला, तीन जागी मायक्रोमीटर लावला. एका जागी दोनदा.

"किती साहेब?"

"अर्धा थाऊ," ते म्हणाले. "सगळीकडे." मग पहिल्यांदाच हसले. "काल दिवसभर झोपून होतास का?"

"तास मोजत होतो, साहेब."

त्याच आठवड्यात गेटवरच्या फळ्यावर साहेबांनी खडूने लिहिलं की गुंगीचं औषध घेतलेल्याने पाळीआधी सांगावं, त्याला त्या दिवशी बसून करायचं काम मिळेल. पहिल्या महिन्यात तीन जणांनी सांगितलं. तिघांची दहाही बोटं शाबूत आहेत. गावच्या दवाखान्यात मी स्वतः जाऊन सगळी हकिकत सांगितली. सांडलेल्या बाटलीचं खोटंही कबूल केलं. कंपाउंडरचा चेहरा पांढरा पडला. आता पट्टीवर तो खाचांशेजारी सूर्य काढतो. उगवता, डोक्यावरचा, मावळता. ती युक्ती मामींची. भोंगा यायच्या आधी कुरुळीत लोक कशावर चालायचे, असं त्यांनी त्याला विचारलं होतं.

ट्रायल पास झालो त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा दोघी ओट्यावर बसल्या होत्या. मला काही सांगावं लागलं नाही, चालण्यावरूनच कळलं असणार. इंदू उठली आणि तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, शेजारणी बघत असताना. ज्या बाईने तिच्याकडे संशयाने पाहिलं होतं तीच बाई समोरच्या दारात होती. इंदूने हात सोडले नाहीत.

तेवढ्यात भोंगा झाला. इतक्या दिवसांची सवय, माझी नजर आपसूक कोनाड्यातल्या बाटलीकडे गेली. इंदूचीही गेली. ऊन अजून अंगणात होतं, जेवण व्हायचं होतं.

मामी जागच्या हलल्या नाहीत.

"बसा पाव्हणं," त्या म्हणाल्या. "वाजू द्या त्याला."